महागडा कूलर आणि बार्बेक्यूची स्पर्धा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील बार्बेक्यू स्पर्धांवर आलेला लेख आम्ही इथे कॅन्सस सिटीत वाचला. स्पर्धेच्या मैदानाचे वर्णन झकास आहे. मात्र लेखासोबतच्या चौकटीत नव्या संघांसाठी जी खरेदीची यादी दिली आहे, तिच्यात स्मोकरच्या (धुरावर मंद आचेने मांस शिजवायच्या भट्टीच्या) खालोखाल नाव आहे ते साडेतीनशे डॉलरच्या प्रीमियम कूलरचे, म्हणजे बर्फ घालून खाद्यपदार्थ थंड ठेवायच्या जाड भिंतींच्या पेटीचे. आजच्या भावाने ही वस्तू तीस हजार रुपयांच्या घरात जाते. आमचे मत उलट आहे. नव्या संघाने हा खर्च करू नये. आणि जुन्या संघाने केला, तर तो थंड मांसासाठी करावा, गरम मांसासाठी नव्हे. अमेरिकेत राहणारे जे मराठी वाचक या नादाला लागू पाहतात त्यांच्यासाठी कारणे जरा सविस्तर मांडतो.

आधी कूलरचे स्पर्धेतले काम काय ते पाहू. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी, म्हणजे केसीबीएस, ही १९८५ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धेत चार प्रकार असतात : चिकन, डुकराच्या बरगड्या म्हणजे रिब्ज, डुकराच्या खांद्याचे पोर्क आणि गाईबैलाच्या छातीचा मोठा तुकडा, ब्रिस्केट. शनिवारी दुपारी बाराला चिकन, साडेबाराला रिब्ज, एकला पोर्क आणि दीडला ब्रिस्केट, या रूढ वेळा. प्रत्येक वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून पाच मिनिटे नंतरपर्यंतच परीक्षकांसाठीचा मांसाचा डबा स्वीकारतात. डब्यात किमान सहा तुकडे हवेत, कारण टेबलावर सहा परीक्षक असतात. मांसाची तपासणी बहुधा शुक्रवारी होते. तपासणीआधी चरबी छाटता येते, पण मीठ-मसाला लावता येत नाही की सुईने रस भरता येत नाही. चुलीवर चढेपर्यंत मांस ४० अंश फॅरनहाइट (४ सेल्सिअस) किंवा त्याखाली हवे, आणि शिजल्यावर १४० अंश फॅरनहाइटच्या (६० सेल्सिअस) वर. आपल्या चौकटीत नुसतेच ‘१४० अंश’ छापले आहे. एखाद्याने ते सेल्सिअस समजून घेतले तर त्याच्या हाती कोळसाच लागेल.

आता कळीचा नियम. विस्तव लाकडाचा, लाकडाच्या पेलेट्सचा (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांचा) किंवा कोळशाचा. गॅस आणि वीज मांस शिजवण्यासाठी चालत नाहीत आणि शिजलेले मांस गरम ठेवण्यासाठीही चालत नाहीत. टेक्सासमधल्या नावाजलेल्या हॉटेलांत ब्रिस्केट रात्रभर दहा-बारा तास ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, ते विजेच्या कपाटात. व्हिडिओत ते पाहून लोकांना वाटते, चांगला कूलर घेतला की झाले. पण कूलर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. आत गेलेली उष्णता तो किती हळू सोडतो एवढाच प्रश्न असतो. म्हणजे या खेळात कूलरची कामे दोन. शुक्रवारी कच्चे मांस थंड ठेवणे, आणि शनिवारी सकाळी शिजलेले ब्रिस्केट व पोर्क दुपारपर्यंत गरम ठेवणे. पहिले काम दीड-दोन दिवसांचे, दुसरे जेमतेम तीन-चार तासांचे.

महागड्या कूलरची किंमत मात्र वेगळ्याच कामाची असते. यती ही कंपनी २००६ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सीडर्स बंधूंनी काढली, ती मासेमारी आणि शिकार करणाऱ्यांसाठी. पॉलिथिलीनची पूड साच्यात फिरवत वितळवून अखंड कवच तयार करायचे आणि आतल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम भरायचा, ही रोटोमोल्डिंगची पद्धत. भिंत साधारण दोन इंच जाड, झाकण त्याहून जाड, कडेने फ्रीजसारखे रबरी सील. पाच-सात दिवस जंगलात बर्फ टिकावा, कूलरवर उभे राहून गळ टाकता यावा, यासाठी हे सगळे. पुष्कळ मॉडेल्सना अस्वलरोधक असल्याचे प्रमाणपत्रही असते. मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन इथे खरोखरच्या ग्रिझली अस्वलांपुढे ती पेटी तासभर टाकून चाचणी घेतात, आणि तेही कुलूप लावलेले असेल तरच प्रमाणपत्र लागू. स्पर्धा भरते ती शहरातल्या वाहनतळावर नाहीतर जत्रेच्या मैदानावर. तिथे अस्वल फिरकत नाही. फिरकतो तो चोर, आणि नेमके महागडे नाव पाहून फिरकतो. असा कूलर नेणाऱ्याने तारेचे कुलूपही न्यावे.

थंडीचा हिशेब आधी करू, तो सोपा आहे. पन्नास क्वार्टच्या कूलरची (क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी) सरासरी पृष्ठभागाची व्याप्ती एक चौरस मीटर धरा. दोन इंच पॉलियुरेथेन आणि झाकणाच्या फटी जमेस धरता तापमानातल्या दर एक अंश सेल्सिअस फरकामागे सुमारे ०.६ वॅट उष्णता आत शिरते. बाहेर ३५, आत ३, म्हणजे फरक ३२ आणि उष्णता १९ वॅट. दिवसभरात ती होते साधारण १,६५० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे दिवसाला पाच किलो बर्फ खर्ची पडतो. निम्म्या जाडीच्या भिंतीच्या साध्या कूलरमध्ये हाच खर्च दहा किलोंवर जातो. फरक पाच किलोंचा. दहा पौंडांची बर्फाची पिशवी इथे तीनेक डॉलरला मिळते. म्हणजे दोन दिवसांच्या स्पर्धेत महागड्या कूलरने वाचवले सहा-सात डॉलर. सत्तर क्वार्टचा बऱ्यापैकी साधा कूलर साठ-सत्तर डॉलरला येतो. वरचे पावणेतीनशे-तीनशे डॉलर बर्फातून वसूल व्हायला चाळीसहून अधिक स्पर्धा लागतील. हा ढोबळ हिशेब आहे, उन्हात ठेवलेल्या कूलरला तो लागू नाही, पण निष्कर्ष बदलावा इतका तो चुकणार नाही.

शिवाय झाकण वारंवार उघडल्यानेही बर्फ संपतो. शुक्रवारी दुपारभर जो तो थंड पेय काढायला कूलर उघडतो. पेयांचा कूलर वेगळा आणि मांसाचा वेगळा, हा एक नियम पाळला तर साठ डॉलरचा कूलरही मांस रात्रभर ४० च्या खाली ठेवतो. दुसरा नियम : कूलर आदल्या रात्री थंड करून घ्या. गॅरेजमध्ये उन्हाळ्याने तापलेला रिकामा कूलर भरला की पहिली पिशवी भिंती गार करण्यातच जाते, आणि भिंत जितकी जाड व जड तितकी ही भूक मोठी. आदल्या रात्री एक पिशवी बर्फ टाकून झाकण लावायचे, सकाळी ते पाणी ओतून टाकून नवा बर्फ भरायचा. तळाशी दोन लिटरच्या बाटल्यांत गोठवलेले पाणी ठेवले तर वितळूनही पाणी बाटलीतच राहते आणि मांस भिजत नाही. त्यावर जाळी, जाळीवर ट्रे, ट्रेमध्ये मांस. कोंबडी सगळ्यांत खाली किंवा, त्याहून चांगले, स्वतंत्र छोट्या कूलरमध्ये. तिचे पाणी ब्रिस्केटवर ठिबकता कामा नये. सुईने रस भरलेल्या मांसाबाबत तर कुचराई नकोच, कारण पृष्ठभागावरचे जंतू सुईबरोबर आत जातात. दुकानातून येताना गाडीत दोन तास राहिलेले मांस बर्फावर ठेवल्याबरोबर थंड होते असेही समजू नये. पंधरा पौंडांचे ब्रिस्केट आतपर्यंत गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून ते घरच्या फ्रीजमधून गार होऊनच कूलरमध्ये यावे.

गरमीची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे, आणि महागड्या कूलरची भलामण सर्वांत जास्त इथेच होते.

स्पर्धेचे ब्रिस्केट साधारण २०३ अंश फॅरनहाइटला (९५ सेल्सिअस) उतरवतात, पोर्क १९५ ते २०० च्या दरम्यान. आकड्यापेक्षा थर्मामीटरची सळई लोण्यात जावी तशी मांसात जाते का, ही परीक्षा खरी. उतरवले की थेट फॉइलमध्ये बंद करून कूलरमध्ये कोंबायचे नाही. फॉइल वरून उघडी टाकायची, वाफ जाऊ द्यायची. आतले तापमान १७५-१८० च्या आसपास आले की शिजणे थांबते; मग नव्याने गुंडाळायचे. ही पायरी वगळली तर बाहेरची उष्णता आत सरकत राहते, मांस आणखी तासभर शिजते आणि काप करताना ब्रिस्केटची फांक चुरा होऊन पडते. यात गंमत अशी की कूलर जितका चांगला तितके हे नुकसान जास्त. पातळ भिंतीचा कूलर निष्काळजी माणसाला थोडे सांभाळून घेतो, महागडा घेत नाही. पोर्कच्या खांद्यातला ज्याला इथे मनी मसल म्हणतात तो स्नायू परीक्षकांना कापून द्यायचा असतो, आणि तो तर हमखास असाच हातचा जातो.

आता आकडे. दोन ब्रिस्केट आणि दोन पोर्क शिजून साधारण साडेबारा किलो भरतात. एवढे मांस एक अंश सेल्सिअसने थंड व्हायला सुमारे ४० किलोज्यूल जावे लागतात. ८० सेल्सिअसला कूलरमध्ये गेले, बाहेर २५, चार तास झाकण बंद, मधल्या जागेत टॉवेल नाही, असे समजा. प्रीमियम कूलरमध्ये ते ६९ सेल्सिअसच्या आसपास उतरेल. साध्या कूलरमध्ये ६० ते ६१, म्हणजे नियमाच्या काठावर. इथपर्यंत प्रीमियमवाल्यांचे म्हणणे बरोबर दिसते. पण साध्या कूलरमध्ये एकेक गॅलनचे दोन कॅन गरम पाण्याने भरून ठेवा, पाणीही मांसाइतकेच गरम. साडेसात किलो पाण्यात मांसाच्या पाऊण हिश्श्याइतकी उष्णता मावते. चार तासांनंतर मांस ६८ अंशांवर असेल. दोन कॅन पाण्याने पावणेतीनशे डॉलरचा फरक भरून निघाला.

हे पाणी कशावर तापवायचे? गॅसच्या शेगडीवर तापवलेले पाणी मांस गरम ठेवायला वापरले तर तो नियमभंग की नाही, यावर तंबूत वाद होतात. वाद टाळायचा तर पाणी त्याच कोळशाच्या स्मोकरवर मोठ्या पातेल्यात तापवा. शंका उरलीच तर शुक्रवारच्या बैठकीत स्पर्धेच्या प्रतिनिधीला विचारा आणि चालू वर्षाची नियमावली जवळ ठेवा. दुधाचे पातळ कॅन या तापमानाला मऊ पडून कलंडतात. जाड प्लास्टिकचे किंवा स्टीलचे घ्यावेत आणि बूच नीट लागते का ते आधी उलटे धरून पाहावे.

वरच्या हिशेबाची दुसरी बाजू नवख्या संघांना बहुधा माहीत नसते. त्याच प्रीमियम कूलरमध्ये चार किलोंचे एकटे ब्रिस्केट ठेवले, बाकी जागा मोकळी सोडली, तर चार तासांत ते ५३-५४ अंशांवर येते, म्हणजे नियमाच्या खाली. उष्णता कूलरच्या नावात नसते, ती आत ठेवलेल्या वस्तुमानात असते. मोठ्या कूलरमध्ये थोडे मांस हा सगळ्यांत वाईट मेळ. म्हणून एका ब्रिस्केटला छोटा कूलर घ्या किंवा रिकामी जागा टॉवेलांनी ठासून भरा. टॉवेल जुने, सुती, मऊसर, आणि तेही गरम करून; घरी ड्रायरमधून काढून पिशवीत बांधून आणले तर निदान कोमट तरी राहतात. आईने विरजण लावलेले पातेले गोधडीत गुंडाळावे तसे ब्रिस्केट चहूबाजूंनी गुंडाळायचे, वरचा भाग उघडा सोडायचा नाही.

कूलर आधी गरम करणे ही बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपल्या चौकटीत तिचा उल्लेखही नाही. यतीचा टुंड्रा ६५ हा प्रीमियम कूलर रिकामा २९ पौंड, म्हणजे १३ किलो भरतो. त्यातले निम्मे प्लास्टिक आतल्या बाजूचे. ते २५ वरून ७० अंशांवर यायला ५०० ते ६०० किलोज्यूल लागतात. कूलर थंड असताना मांस ठेवले तर ही उष्णता मांसातूनच जाते, आणि वरच्या चार तुकड्यांचे तापमान तेवढ्यानेच तेरा-पंधरा अंशांनी उतरते. चार तासांत भिंतीतून जेवढी उष्णता झिरपली असती त्याहून हे जास्त. साध्या कूलरचे आतले अस्तर पातळ आणि हलके, त्यामुळे त्याला याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच उष्णता लागते. म्हणजे पूर्वतयारी न करणाऱ्या संघाच्या हातात महागडा आणि स्वस्त कूलर जवळपास एकाच पातळीवर येतात. उपाय सोपा : मांस उतरवण्याच्या पाऊण तास आधी चार-पाच गॅलन पाणी १५० ते १६० फॅरनहाइटचे (६५ ते ७१ सेल्सिअस) कूलरमध्ये ओतून झाकण लावा. अर्ध्या तासाने ओता, पुसा, गरम टॉवेल अंथरा. उकळते पाणी मात्र कधीही नको. अस्तराचे प्लास्टिक शंभर अंश सेल्सिअसला मऊ पडते, स्वस्त कूलरचे अस्तर फुगून फोमपासून सुटते आणि मग झाकण नीट बसत नाही. त्याच कारणाने २०० अंश फॅरनहाइटचे फॉइलचे पुडके थेट तळावर ठेवू नये. खाली दुमडलेला टॉवेल किंवा पुठ्ठा हवा.

आणखी एक तोटा सीलचा. घट्ट बंद प्रीमियम कूलरमध्ये वाफेला बाहेर जायला वाट नसते. ब्रिस्केटवरची काळी, कुरकुरीत साल, जिला बार्क म्हणतात, ती तीन तासांत ओली लापशी होऊ शकते. फॉइलमधला रस आधी भांड्यात काढून घ्यावा (तो नंतर कापांवर सोडायला लागतोच), आणि मांस जाळी असलेल्या ट्रेमध्ये ठेवावे. चिकन आणि रिब्ज तर कूलरमध्ये जाऊच नयेत. कोंबडीचे कातडे दहा-पंधरा मिनिटांत रबर होते. रिब्ज साडेबाराच्या हिशेबाने थेट स्मोकरवरून डब्यात जाव्यात. फारतर अर्धा तास फॉइलमध्ये. म्हणजे गरम ठेवण्यासाठी मोठी क्षमता लागतच नाही.

खरेदीला गेल्यावर नावातल्या आकड्याला भुलू नका. यतीच्या टुंड्रा ४५ मध्ये ४५ क्वार्ट मावत नाहीत, चाळीसहूनही कमी मावतात. टेप घेऊन आतली लांबी-रुंदी मोजा. अमेरिकेतल्या आपल्या गणपतीच्या कार्यक्रमांत मसालेभात ज्या अॅल्युमिनियमच्या फुल ट्रेमध्ये येतो, तोच ट्रे इथेही वापरतात, पावणेतेरा बाय पावणेएकवीस इंचांचा. बहुतेक वरून उघडणाऱ्या कूलरांत, प्रीमियमसुद्धा, तो आडवा बसत नाही कारण आत रुंदी कमी पडते. हाफ ट्रे बसतो, पण अखंड ब्रिस्केट हाफ ट्रेमध्ये मावत नाही. यावर कॅम्ब्रो कंपनीची असते तशी पुढून उघडणारी, उष्णता धरून ठेवणारी पेटी हा खरा इलाज आहे. केटरिंगवाले हीच वापरतात. आत ट्रे सरकवण्याच्या खाचा असतात, चार इंच खोल तीन फुल ट्रे एकावर एक बसतात, आणि पोर्क काढताना ब्रिस्केटला हात लावावा लागत नाही. किंमत प्रीमियम कूलरइतकीच, कधी थोडी कमी. बंद पडलेल्या हॉटेलांच्या सामानाच्या विक्रीत ती निम्म्यात मिळते. साडेतीनशे डॉलर खर्चायचेच असतील तर आमचे मत या पेटीला. हिच्यात बर्फ मात्र ठेवता येत नाही, वितळले की पाणी दारातून बाहेर येईल.

मग प्रीमियम कूलर कोणाला परवडतो? वर्षाला वीस-पंचवीस स्पर्धा करणाऱ्या, ट्रेलर घेऊन सात-आठशे मैल जाणाऱ्या संघाला. जुलै-ऑगस्टमध्ये ओक्लाहोमा किंवा टेक्सासच्या डांबरी वाहनतळावर, जिथे जवळ बर्फाचे दुकान नाही, तिथे त्याचा उपयोग होतो. दीडशे-दोनशे डॉलरचे एकेक वाग्यू (जपानी जातीच्या गुरांचे महागडे मांस) ब्रिस्केट आणणाऱ्याला तो विम्यासारखाही वाटू शकतो. आणि स्वस्त कूलर मोडतात हे खरे. फोमच्या आधी बिजागरीच जाते; प्लास्टिकची पट्टी दोन हंगामांत तुटते. पण ती बदलायला स्टीलची लांब बिजागरी आणि आठ स्क्रू पुरतात. उलट प्रीमियमचे वजन विसरू नका : २९ पौंड कूलर, ४० पौंड बर्फ, ६० पौंड मांस, असा तो उचलायला दोन माणसे लागतात, आणि पाच वर्षांची हमी कंबरेला लागू नसते. मधला पर्याय शोधणाऱ्यांनी शंभर ते दीडशे डॉलरच्या पट्ट्यातले, सील असलेले कूलर पाहावेत. लाइफटाइम या कंपनीचा पंचावन्न क्वार्टचा कूलर याच पट्ट्यातला, त्यालाही अस्वलाचे प्रमाणपत्र आहे. दुकानात झाकणात डॉलरची नोट धरून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडकायला हवी. अलगद निघाली त्या बाजूने हवा जाणार.

साध्या कूलरची एक दुरुस्ती करण्याजोगी आहे. बऱ्याच स्वस्त कूलरांची झाकणे आतून पोकळ असतात. टकटक करून ऐकले की कळते. झाकणाच्या खालच्या बाजूला पाव इंचाची दोन भोके पाडून खिडक्या-दारांसाठी मिळणारा कमी फुगणारा फोम भरता येतो. एका दमात भरायचा नाही. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद पोकळीत एकदम भरला तर मधला भाग आठवडाभर चिकट राहतो, किंवा झाकण फुगून वाकते. तिसरा हिस्सा भरा, दुसरे भोक हवेसाठी उघडे ठेवा, दोन दिवस थांबा, मग पुढचा. शेवटी भोकांवर सिलिकॉन. खर्च फार नाही.

वाचलेल्या पैशांतून आधी दोन सळयांचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. एक सळई ब्रिस्केटच्या जाड भागात, दुसरी कूलरमधल्या हवेत. कूलर न उघडता आकडा दिसला पाहिजे, कारण प्रत्येक वेळी ‘बघू या कितीवर आहे’ म्हणून झाकण उचलले की वरची गरम हवा निघून जाते आणि टॉवेल थंड होतात. तार सीलखालून काढली तर तिथे थोडी फट राहते. तिच्यावर टॉवेलचे टोक दाबून ठेवले की पुरे. आकडा १५० फॅरनहाइटवर आला (६५ सेल्सिअस) तर १४० ची वाट पाहू नका. मांस पुन्हा स्मोकरवर चढवा किंवा कॅनमधले पाणी बदला. एकदा ते १४० खाली गेले की मोठ्या, हळूहळू थंड होणाऱ्या तुकड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू वाढण्याचा धोका असतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचलेले असतात, आणि वासावरून किंवा चवीवरून काहीच कळत नाही.

धुण्याबद्दल थोडेसे. गरम मांसाचा कूलर आणि कच्च्या मांसाचा कूलर कायम वेगळे, झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलेले. स्पर्धा संपल्यावर आधी साबणाच्या गरम पाण्याने चरबी काढावी, मग एक गॅलन पाण्यात एक टेबलस्पून बिनवासाचे ब्लीच घालून ते सगळीकडे लावावे आणि दोन-चार मिनिटांनी धुवावे. सील बाहेर निघत असेल तर काढून त्याच्या खाचेतही ब्रश फिरवावा, घाण तिथेच साचते. खालचे बूच उघडे आणि झाकण किलकिले ठेवूनच कूलर गॅरेजमध्ये ठेवावा. घट्ट सीलचा कूलर गरम असताना बंद केला तर आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण असे बसते की उघडता उघडत नाही. तेव्हा कड्या ओढून तोडू नयेत, तळाचे बूच सैल करावे.

आपले,
कॅन्सस सिटी परिसरातील काही मराठी वाचक